राणीचा वाद्यमेळ मंडालेतच राहिला

गेल्या पौषात आमच्या मांजरीच्या भजनी मंडळाची सहल कोकणात गेली होती. गणपतीपुळे झालं, पावस झालं आणि परतीच्या दिवशी रत्नागिरीत थिबा राजवाडा बघायचं ठरलं. बसमधल्या निम्म्या बायकांना थिबा हे एखाद्या गावाचं नाव वाटत होतं. एक जण तर तिथं जेवणाची सोय आहे का विचारत होती! जांभ्या दगडाचा तो लांबरुंद वाडा, वर उतरती छपरं, आत ब्रह्मदेशच्या सागवानाचं काम. आम्ही चपला हातात घेऊन खोल्याखोल्यांतून फिरलो. आमच्या मंडळात पेटी वाजवणाऱ्या काकू आहेत, तीस वर्षं त्यांच्या हाताला विसावा नाही. त्यांनी तिथल्या रखवालदाराला विचारलं, राजाराणीचं गाणं-बजावणं कुठल्या दालनात व्हायचं? त्यानं काकूंकडे बघितलं, जरा हसला आणि पुढच्या खोलीकडे बोट दाखवलं. पुढच्या खोलीत जुन्या मूर्ती होत्या.

काकूंचा प्रश्न मात्र माझ्याबरोबर मांजरीपर्यंत आला. बी.ए.ला माझा इतिहास होता. तिथं थिबा राजा एका ओळीत आला आणि गेला. राणीचं तर नावही नव्हतं. घरी आल्यावर मिळेल तिथून वाचत गेले आणि मैत्रिणींनो, जे हाती लागलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

राणीचं नाव सुपयालात. जन्म १८५९ सालचा, मंडालेचा. मंडाले हे शहरच तेव्हा नवंकोरं होतं, तिच्या वडिलांनी, मिंडॉन राजानं १८५७ मध्ये वसवलेलं. चौकोनी तटबंदी, भोवती पाण्याचा खंदक आणि मधोमध सागवानी राजवाडा. सुपयालात तीन बहिणींतली मधली. आई मोठी कारस्थानी, आणि आईची आई तर राजाला मुठीत ठेवणारी राणी म्हणून नावाजलेली. अशा घरात वाढलेली मुलगी गरीब गाय होण्याची शक्यता कमीच!

ज्या राजवाड्यात ती वाढली तिथं सकाळपासून रात्रीपर्यंत संगीत असायचं. राजा दरबारात येणार, वाद्यं. राजा बाहेर पडणार, वाद्यं. पोरांचे कान टोचायचे, वाद्यं. नाटकं तर रात्र रात्र चालायची, आणि सुपयालातला नाटकांचं फार वेड.

तिथल्या वाद्यमेळाला साईंग वाईंग म्हणतात. त्याचं वर्णन वाचलं आणि मी थक्क झाले. सोनेरी नक्षीचं एक गोल लाकडी कडं, आपल्या कमरेइतकं उंच. त्या कड्याच्या आतल्या बाजूला लहानमोठे २१ ढोल टांगलेले आणि मधोमध वादक बसलेला. तो नुसत्या हातांनी त्या एकवीस ढोलांवर चक्क चाल वाजवतो. आपला पखवाज ताल देतो, तिथं ढोल गातात. त्याच्या शेजारी काशाच्या थाळ्यांचं तसंच गोल कडं, एक मोठा टांगलेला ढोल, आपल्या सनईच्या जातीचं ह्ने नावाचं वाद्य, झांजा आणि बांबूच्या टिपऱ्या.

आता गंमत ऐका. हे एकवीस ढोल सुरात लावतात कसे? शिजलेला भात आणि लाकडाची राख एकत्र मळून त्याचा गोळा करायचा आणि तो कातड्याच्या मधोमध थापायचा. गोळा जास्त लावला की सूर उतरतो, थोडा काढला की चढतो. आमच्या मंडळातले पखवाजवाले आजोबा दर गुरुवारी भजनाआधी धुम्यावर कणीक लावतात, तसंच अगदी. त्यांची कणीक, यांचा भात. ज्याच्या घरात जे शिजतं ते वाद्याला लागतं!

दुसरं वाद्य साउंग. ते बायकांच्या हातात फार शोभतं. होडीच्या आकाराचं लाकडी पोट, त्यावर हरणाचं कातडं, आणि एका टोकातून वर उठलेली कमानदार मान. मानेच्या टोकाला पिंपळाचं पान कोरलेलं, बोधिवृक्षाचं. तारा पूर्वी रेशमाच्या असत, लाल गोंड्याच्या दोऱ्यांनी मानेला बांधलेल्या. ते मांडीवर घेऊन वाजवतात. गाणारी बाई स्वतःच एका हातात छोटी झांज आणि दुसऱ्या हातात टिपरी घेऊन ताल धरते. असं वाद्य आपल्याकडंही होतं बरं का. सांचीच्या, भरहुतच्या शिल्पांत ते कोरलेलं आहे. समुद्रगुप्त राजाच्या सोन्याच्या नाण्यावर राजा मांडीवर जी वीणा घेऊन बसलाय ती हीच, कमानीची. आपल्याकडे ती वीणा केव्हाच मागं पडली. ब्रह्मदेशात मात्र ती टिकली.

या साउंगला पूर्वी सात तारा होत्या. त्या तेरा केल्या त्या म्यावाडीच्या ऊ सा नावाच्या मंत्र्यानं. हा माणूस १७६६ मध्ये जन्मला आणि १८५३ मध्ये वारला. दरबारी, सेनापती, कवी आणि संगीतकार, सगळं एकटाच. इंग्रजांशी पहिलं युद्ध झालं तेव्हा तो फौज घेऊन लढला होता. त्याच्या आणि त्याच्यासारख्यांच्या रचनांना ब्रह्मी लोक महागीत म्हणतात. शब्द ओळखीचा वाटला ना? पालीतून, संस्कृतातून असे कितीतरी शब्द तिकडं गेले आहेत.

या दरबारी संगीतातला एक मोठा वाटा कैद्यांचा आहे. १७६७ मध्ये सुपयालातच्या पूर्वजांनी सयामची राजधानी आयुथ्या लुटली आणि तिथले गायक, नर्तक, नट बंदी करून आणले. त्यांच्याबरोबर त्यांचं रामायण आलं, त्यांच्या चाली आल्या. त्या चालींना ब्रह्मदेशात आजही सयामच्या नावानंच ओळखतात. आयुथ्याच्या त्या बायाबापड्यांना परत जायला मिळालं नसणार. त्यांची गाणी मात्र मंडालेच्या राजवाड्यात मानानं नांदत होती. पुढं काय घडलं ते वाचताना मला हे सारखं आठवत राहिलं.

१८७८ मध्ये मिंडॉन राजा वारला. त्याला बायका पन्नासच्या वर आणि मुलंही तितकीच उदंड. गादीवर कोण बसणार? सुपयालातच्या आईनं आणि मंत्र्यांनी मिळून थिबाला पुढं केलं. तो मठात शिकलेला, धर्मग्रंथांच्या परीक्षेत पहिला आलेला, स्वभावानं मऊ. असा राजा हातात राहील हा हिशेब. थिबाही मिंडॉनचाच मुलगा, वेगळ्या आईचा. राजघराण्यात सावत्र भावंडांची लग्नं तिकडं रीत म्हणून होत. ठरलं होतं थोरल्या बहिणीशी. पण सुपयालात मध्ये उभी राहिली आणि पट्टराणीसारखी तीच बसली.

आणि मग १८७९ चा फेब्रुवारी. थिबाच्या गादीवर हक्क सांगू शकतील असे भाऊ, त्यांच्या बायका, लेकरं, मिळून ऐंशीच्या आसपास माणसं राजवाड्याच्या आवारात मारली गेली. आकडा कोणी कमी सांगतं, कोणी जास्त. त्या रात्री राजवाड्यात नाटकं चालू होती आणि साईंग जोरजोरात वाजत ठेवलं होतं, किंकाळ्या बाहेर ऐकू जाऊ नयेत म्हणून, असं तेव्हापासून सांगत आले आहेत. तेच एकवीस ढोल, तीच सनई.

इथं मी पुस्तक मिटून ठेवलं होतं दोन दिवस. समाजकार्याच्या निमित्तानं मी बऱ्याच घरांत जाते. शेजारी टीव्हीचा आवाज मोठा झाला की पलीकडच्या घरात काहीतरी चाललंय हे मला कळायला लागलंय. त्यामुळं ही गोष्ट मला परकी वाटली नाही.

हुकूम कोणाचा होता? इंग्रजांच्या वर्तमानपत्रांनी सगळं खापर सुपयालातच्या डोक्यावर फोडलं. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिच्या आईचा आणि बड्या मंत्र्यांचा हात त्यात मोठा होता असं बरेच अभ्यासक मानतात. पण म्हणून तिला धुतल्या तांदळासारखी म्हणायला माझी जीभ वळत नाही. पुढं दोनतीन वर्षांनी थिबाचं मन एका तरुण दरबारी मुलीवर बसलं, तेव्हा त्या पोरीचाही काटा काढला गेला, आणि त्यात राणीचा हात होता हे कोणी नाकारत नाही. ब्रह्मदेशच्या गादीवर असा राजा पूर्वी नव्हता ज्याला दुसऱ्या राण्यांचा जनानखाना ठेवता आला नाही. सुपयालातनं तो ठेवू दिला नाही. धाकटी बहीण सुपयागले नावाला राणी होती, तेवढीच. आजच्या बायकांना यातला निम्मा भाग ऐकून टाळ्या वाजवाव्याशा वाटतील. उरलेला निम्मा ऐकला की हात खाली येतात.

इंग्रज सोजिरांना तिचं नाव उच्चारता येईना, म्हणून ते तिला सूपप्लेट म्हणायचे. किपलिंग या इंग्रज कवीनं १८९० मध्ये मंडालेवर कविता केली, तिच्यातल्या सिगार ओढणाऱ्या पोरीला त्यानं या राणीचंच नाव देऊन टाकलं. तोवर राणी रत्नागिरीला येऊन चार वर्षं झाली होती.

ती कशी आली ते थोडक्यात सांगते. ब्रह्मदेशच्या जंगलात सागवान तोडणारी एक कंपनी होती, बॉम्बे बर्मा. नावात आपली मुंबई! या कंपनीनं ठरल्यापेक्षा जास्त ओंडके नेले म्हणून मंडाले दरबारानं १८८५ मध्ये मोठा दंड ठोठावला. इंग्रज निमित्ताच्या शोधातच होते. नोव्हेंबरच्या मध्यावर आगबोटी इरावती नदीतून निघाल्या आणि पंधरा दिवसांत मंडाले पडलं. २९ नोव्हेंबर १८८५ ला राजाराणीला बैलगाडीत बसवून नदीकाठी नेलं. रस्त्याच्या दुतर्फा लोक उभे होते, रडत होते. राणी पंचविशीतली, दोन मुली बरोबर, तिसरी पोटात. एक मुलगा त्याआधी तान्हेपणीच गेलेला. वाटेत तिनं एका गोऱ्या शिपायाकडून आपली चिरूट पेटवून घेतली असं सांगतात. खरं असेल तर बाईची छाती मोठीच म्हणायची.

बरोबर निघाली ती मोजकी माणसं. धाकटी राणी, दासी, काही सेवक. काही दागिने लुगड्यात बांधून घेतले, बरेचसे गेले. दरबारचा वाद्यमेळ मंडालेतच राहिला. राहणारच ना! दागिना कनवटीला लावता येतो, ओवी मनात ठेवता येते, पण एकवीस ढोलांचं कडं कोण उचलणार? आणि ते उचललं तरी वाजवायला दहा माणसं लागतात, ती एकमेकांच्या श्वासाला सरावलेली लागतात. साउंग वाजवणारा दरबारचा शेवटचा मोठा कलावंत म्हणजे ऊ मौंग मौंग जी. त्याला राजानं देव-इंद्र असा किताब दिला होता. तो मागं राहिला.

आधी मद्रास. तिथं तिसरी मुलगी झाली. मग १८८६ च्या एप्रिलमध्ये बोटीनं रत्नागिरी. वर्षभरात चौथी मुलगी, ती अस्सल रत्नागिरीची.

का रत्नागिरी? रेल्वे नाही, पावसाळ्यात बोट बंद, पळून जायला वाट नाही. सरकारच्या दृष्टीनं जागा उत्तम. राजाराणीला दोन बंगले दिले, तनखा बांधून दिला आणि वर एक गोरा अधिकारी नेमला. बंगल्यात राणीचा रुबाब तसाच होता. भेटायला येणाऱ्यानं जमिनीवर गुडघे टेकून, वाकून यायचं. दासींनी तिच्यापुढं उभं राहायचं नाही. तनखा पुरेना, तशी माणकं रत्नागिरीच्या पेढ्यांवर जायला लागली. ब्रह्मदेशच्या माणकांचं मोल ती काय करणार, येईल तो भाव!

एक गोष्ट मला फार लागली. ब्रह्मदेशात भातलावणीच्या वेळी बांधावर ढोल वाजवतात. बोंजी म्हणतात त्याला. बायका चिखलात वाकून रोपं लावतात, ढोलवाला आणि गाणारे बांधावरून थट्टेची गाणी म्हणतात. गावच्या लोकांची वाद्यं वेगळी, राजवाड्याची वेगळी. लांब, हातभर पोटाचा ओझी ढोल, गळ्यात अडकवायचा डोबत, दानधर्माच्या मिरवणुकीचा ब्यो. आणि नात नावाच्या देवतांचा उत्सव असला की तिथंही साईंग, तिथंही बायकांच्या अंगात येतं, आपल्याकडं गोंधळात संबळ घुमायला लागला की येतं तसं. पंडितांच्या पुस्तकात राजवाड्याचं संगीत थोर आणि गावचं हलकं असं असतं. मला ते पटत नाही. राज्य गेलं तेव्हा बांधावरचा बोंजी थांबला नाही. थांबलं ते दरबारचं संगीत. आणि राणी जिथं आली तिथंही आषाढात भातलावणी होत होती, त्याच पावसात, तशाच वाकलेल्या बायका. ढोल तेवढा वेगळा.

आता एक योगायोग सांगते. पुण्याच्या माणसाला तो सांगितल्याशिवाय पुढं जाताच येत नाही. लोकमान्य टिळक जन्मले रत्नागिरीला, १८५६ मध्ये. १९०८ मध्ये इंग्रजांनी त्यांना सहा वर्षांची शिक्षा देऊन पाठवलं कुठं, तर मंडालेला, किल्ल्यातल्या तुरुंगात. ज्या तटबंदीच्या आत सुपयालात लहानाची मोठी झाली, त्याच तटबंदीच्या आत. म्हणजे मंडालेची राणी रत्नागिरीत कैद आणि रत्नागिरीचा मुलगा मंडालेत कैद! १९१० च्या नोव्हेंबरात राजाराणी आम्ही पाहिलेल्या त्या नव्या राजवाड्यात राहायला गेले आणि त्याच हिवाळ्यात टिळक मंडालेत गीतारहस्य लिहीत होते. १९१२ मध्ये इकडे पुण्यात सत्यभामाबाई वारल्या, टिळकांना शेवटची भेट नाही. त्याच वर्षी रत्नागिरीत सुपयागले, राणीची धाकटी बहीण गेली, मंडालेपासून तितकीच दूर.

१९१४ मध्ये राणीनं मुलींचे कान टोचण्याचा सोहळा केला. ब्रह्मदेशात हा मुलीच्या आयुष्यातला मोठा समारंभ, मिरवणूक, वाद्यं, सगळं असतं, आणि तो वयात येण्याच्या सुमारास करतात. इथं थोरली राजकन्या चौतिशीला आलेली होती. एवढी वर्षं का थांबली? तर तिला तो तिच्या इतमामानं करायचा होता. पैसा नाही, माणसं नाहीत, तोलामोलाचे पाहुणे नाहीत, म्हणून पुढं पुढं ढकललं. मुलींच्या लग्नांचंही तेच झालं. बरोबरीचं स्थळ भारतात कुठून मिळणार? आपल्याकडंही अशी घरं पाहिली आहेत मी. वाडा पडायला आला तरी स्थळ मात्र देशमुखाचंच हवं.

मुली आईच्या मंडालेत वाढल्याच नाहीत. त्या रत्नागिरीत वाढल्या, नोकरमाणसांच्या बोलीत. थोरलीचा जीव राजवाड्यावर नोकरीला असलेल्या गोपाळ सावंत यांच्यावर जडला. सावंत विवाहित होते. १९०६ मध्ये तिला मुलगी झाली. टूटू तिचं नाव, पुढं रत्नागिरीत तिला बाईसू म्हणायचे. ज्या राणीनं नवऱ्याला दुसरी बाई करू दिली नाही, तिच्याच लेकीच्या वाट्याला हे आलं. दुसरी मुलगी राजाच्या मृत्यूनंतर एका ब्रह्मी कारभाऱ्याबरोबर निघून गेली. तो घाव राणीला जन्मभर पुरला.

थिबा १९१६ च्या डिसेंबरात गेला. राणीनं त्याला रत्नागिरीच्या मातीत ठेवू दिलं नाही. मंडालेला नेईन म्हणून हटून बसली. धाकट्या राणीचा देहही तसाच ठेवलेला होता. सरकार परवानगी देईना, ती ऐकेना. शेवटी १९१९ मध्ये सरकारनंच दोघांना रत्नागिरीत समाधी दिली, राणीला न जुमानता. त्याच वर्षी तिला स्वदेशी जायची मोकळीक मिळाली. तेहतीस वर्षांनी.

पण मंडालेला नाही. रंगूनलाच राहायचं अशी अट. इंग्रजांना भीती, लोक पुन्हा गोळा होतील. रंगूनच्या एका घरात तिनं शेवटची सहा वर्षं काढली. भेटायला येणारे लोक तिथंही गुडघ्यावर येत. तिची मंडाले बघायची राहिली ती राहिलीच. २४ नोव्हेंबर १९२५ ला ती वारली. श्वेडगॉन पॅगोड्याजवळ तिची समाधी आहे. नवरा रत्नागिरीत, बायको रंगूनला. अजूनही.

आणि राजवाड्याच्या संगीताचं काय झालं? राजवाडा तर १९४५ च्या लढाईत जळून खाक झाला. पण देव-इंद्र किताबाचा तो साउंगवाला १९३३ पर्यंत जगला. दरबार गेला तसं त्यानं बाहेरच्या मुलांना शिकवायला सुरुवात केली. पूर्वी ज्या महागीतांसाठी राजवाड्यात जन्मावं लागे किंवा राजवाड्यात चाकरीला असावं लागे, ती गाणी साध्या घरांतल्या पोरापोरींच्या हातात आली. पुढं साउंगला आणखी तीन तारा चढल्या, सोळा झाल्या. रेशीम जाऊन नायलॉन आलं. ब्रह्मदेश स्वतंत्र झाल्यावर मंडालेत आणि रंगूनमध्ये सरकारी संगीत शाळा निघाल्या. साईंगचे ताफे तर गावोगावच्या जत्रांत वाजतच होते. राणी नसताना तिचं संगीत टिकलं, हे तिला आवडलं असतं की नाही कोण जाणे. मला तरी वाटतं, तिला राग आला असता!

थोरली राजकन्या मात्र रंगूनमध्ये रमली नाही. ती मुलीला घेऊन रत्नागिरीला परत आली आणि १९४७ मध्ये इथंच गेली. टूटूनं इथंच संसार केला, एका मोटार मेकॅनिकशी लग्न केलं. गोवऱ्या थापून विकल्या, आपली मुलं वाढवली आणि टाकून दिलेली परकी लेकरंही वाढवली. ती मराठीच बोलायची. २००० मध्ये ती रत्नागिरीतच वारली. मंडालेच्या राणीची नात, आणि तिला आजीच्या दरबारातलं एक गाणं येत असेल असं मला वाटत नाही. ओव्या मात्र येत असतील. शेण थापताना, जात्यावर बसताना कोकणातल्या बायका जे म्हणतात ते. मांजरीत लातूर-बीडकडून ऊसतोडीला, बांधकामाला आलेल्या बायका आमच्या बचत गटात येतात. त्यांच्या मुली आता पुण्याच्या बोलीत बोलतात, आयांच्या ओव्या त्यांना येत नाहीत. मी विचारलं की हसतात. एकदोन आयांनी वहीत उतरवून द्यायचं कबूल केलंय.

२०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष रत्नागिरीत येऊन थिबाच्या समाधीपुढं वाकले. २०१६ मध्ये राजाला शंभर वर्षं झाली तेव्हा तिकडून त्याचे वंशजही आले होते.

हे सगळं मी गेल्या महिन्यात मंडळात सांगितलं. भाच्यानं मोबाइलवर साउंगचं वादन शोधून दिलं, ते गोल बसून ऐकलं. एक तरुण मुलगी वाजवत होती. काकूंनी डोळे मिटले होते. त्यांना सूर ओळखीचा वाटेना, पण मध्येच त्या मान डोलवायच्या. मग साईंगचे ढोल लावले, तसे पखवाजवाले आजोबा पुढं सरकले. भात आणि राखेची गोष्ट त्यांना काही पटत नव्हती. भात वाळला की तडकेल, त्यांचं म्हणणं. किती मऊ शिजवायचा, राख कसल्या लाकडाची, मला काय ठाऊक!

पुढच्या गुरुवारी ते जुना पखवाज घेऊन आले. धुम्यावर करड्या रंगाचा गोळा थापलेला होता. घरात इंद्रायणी तांदूळ होता म्हणाले, आणि राख बाभळीची. थाप मारली. आवाज कणकेपेक्षा जरा बसका आला, पण घुमला. काकूंनी पेटीवर सूर धरला आणि आजोबा नखानं चिमूटभर भात काढून पुन्हा थाप मारायला लागले.